रमिलाबाईंचे बासष्ट शब्द

रमिलाबाई गेल्याचं दिपालीला पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेही एका तक्रारीच्या फोनमधून.

दिपाली मूळची रनाळ्याची. पुण्यात चार वर्षं नोकरी करून ती नंदुरबारला परतली होती आणि एका छोट्या संस्थेसाठी मुलांचं ॲप बनवत होती. सातपुड्यातली मुलं घरी पावरी बोलतात आणि शाळेत गेल्यावर एकदम मराठी ऐकतात. त्यांच्यासाठी हे ॲप. फोनचा कॅमेरा अंगणातल्या वस्तूंवर धरायचा, स्क्रीनवर दिसणाऱ्या एखाद्या वस्तूला बोट लावायचं, की तिचं नाव आधी पावरीत ऐकू यायचं आणि मग मराठीत. पावरीतली सगळी नावं एकाच बाईच्या आवाजात होती. मोलगीच्या पुढे एका पाड्यावर राहणाऱ्या रमिलाबाईंच्या. कोंबडी, सूप, जातं, चूल, बाज, विळा असे बासष्ट शब्द. कार्तिकात तीन दुपारी त्यांच्या अंगणात बसून दिपालीने ते रेकॉर्ड केले होते.

तो तक्रारीचा फोन धर्मेंद्रचा होता. तो संस्थेचं मोलगीकडचं काम बघायचा आणि दिपालीशी अहिराणीतच बोलायचा.

“दिपाली, तो चाचणीसाठी दिलेला फोन शे ना, तो जालमसिंगबाबा परत करी ऱ्हायना. म्हने, हाई मन्हा घरमा नको.”

जालमसिंगबाबा म्हणजे रमिलाबाईंचा नवरा.

“का बरं? काय झायं?”

“चुकीचं बोलस म्हने. कोंबडीले बोट लावं की भलतंच काही सांगस. आनि तुले सांगानं राही गयं. रमिलाबाई गयी.”

“गयी म्हंजे?”

“मरी गयी. पंधरा दिवस व्हयनात.”

दिपालीने फोन खाली ठेवला. समोर लॅपटॉप उघडा होता आणि त्यात बासष्ट छोट्या फाइली ओळीने दिसत होत्या. त्यातली कोणतीही दाबली असती तर रमिलाबाई बोलल्या असत्या. तिने दाबली नाही.

तिच्या स्वतःच्या फोनवर ॲप व्यवस्थित चालत होतं. दुसऱ्या दिवशी खोलीभर वस्तू मांडून तिने शंभर वेळा तपासलं, एकदाही चूक झाली नाही. धर्मेंद्र म्हणाला, फोन घेऊन येतो, तूच बघ. पण तिने जायचं ठरवलं. फोन मागवून घेतला असता तर तिला बाबांसमोर उभं राहावं लागलं नसतं, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ती निघाली.

होळीला चार दिवस होते. अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारी जीप गुजरातेतून घरी परतणाऱ्या लोकांनी गच्च भरली होती. मांडीवर कुणाचीतरी पिशवी, पायात कुणाचातरी पत्र्याचा डबा, अशी ती मोलगीला पोचली. धर्मेंद्र वाट बघत होता. तिथून पाड्यापर्यंत तासाभराची चाल.

जालमसिंगबाबा अंगणात बाजेवर बसले होते. आश्रमशाळेत वीस वर्षं शिपाई होते, त्यामुळे मराठी चांगलं बोलायचे. कार्तिकात ती आली तेव्हा त्यांनी तिला ‘या बाई, बसा बाई’ करून हसत बसायला सांगितलं होतं. आज ते फक्त उठून उभे राहिले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि परत बसले.

“बाबा, मला कळलंच नाही,” दिपाली म्हणाली. “कशा गेल्या आजी?”

“शेतातून आली. पाणी मागितलं. मी पाणी आणेपर्यंत भिंतीला टेकून बसली होती, ती तशीच.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “दुखणं नाही, काही नाही.”

मग ते आत गेले आणि धान्याच्या कणगीत हात घालून फडक्यात बांधलेला फोन काढून आणला.

“हा घेऊन जा.”

“काय चुकतंय ते मला दाखवा ना, बाबा. मी त्यासाठीच आले.”

त्यांना दाखवायचं नव्हतं. पण आलेल्या माणसाला नाही म्हणणंही त्यांना जमेना. त्यांनी फडकं सोडलं, फोन चालू केला आणि कॅमेरा अंगणावर धरला. उजवीकडे एक कोंबडी माती उकरत होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

रमिलाबाईंच्या खणखणीत आवाजात उत्तर आलं. पावरीत, मग मराठीत: सूप.

दिपालीने स्क्रीनवर पाहिलं. सूप कुठेच नव्हतं.

“पाड्यातली पोरं रोज येत होती,” बाबा म्हणाले. “आधी आवडीने यायची. मग हसायला लागली. कोंबडीला सूप म्हणते, चुलीला झाडू म्हणते. आजीचं डोकं फिरलं म्हणायची. बाई, ती कधी चुकत नव्हती. साठ-सत्तर झाडांची नावं तिला पाठ होती. डोळे मिटून पान हातात दिलं तर वासावर सांगायची. आता ती सांगायलाही नाही, की मी असं बोलले नाही म्हणून. लोकांनी तिला हसावं म्हणून का तिचा आवाज नेला तुम्ही?”

धर्मेंद्र खाली बघत होता. ‘ॲपमधला दोष आहे, आजींचा नाही’, हे दिपालीच्या ओठांवर आलं होतं, पण बाबांना ते ठाऊकच होतं. दोष कुणाचाही असो, हसं रमिलाबाईंचं झालं होतं.

“मला दुपारपर्यंत वेळ द्या,” ती एवढंच म्हणाली.

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

तिने अंगणातून नऊ सारखे दगड गोळा केले आणि जमिनीवर एका सरळ रेषेत, वीत-वीत अंतरावर मांडले. चुलीतला कोळसा घेऊन प्रत्येकावर एक ते नऊ आकडे घातले. फोन दोन विटांच्या आधाराने उंचावर उभा केला, मधला पाचवा दगड बरोबर स्क्रीनच्या मध्यावर येईल असा. मग लॅपटॉप जोडून तिने असं केलं, की प्रत्येक वेळी बोट लावल्यावर ॲप कॅमेऱ्याच्या चित्रातला नेमका कोणता तुकडा उचलतं ते दिसावं.

पाचला बोट लावलं. पाच आला.

सहाला लावलं, तर तुकड्यात सहा नव्हता. कोपऱ्यात साताची कड दिसत होती. साताला लावलं तर आठ आला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. तीनला हात लावावा तर दोन. वरखाली मात्र काहीच चूक नव्हती. तिने दगड उभ्या रेषेत मांडून पाहिले, सगळे जिथल्या तिथे आले.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की आठ क्रमांकाचा दगड तर स्क्रीनवर दिसतच नाहीये. स्क्रीनवर तीन ते सात एवढेच दगड आहेत. जो दगड दिसत नाही तो ॲपने उचलला कुठून?

ती उठून भिंतीपाशी गेली. सूप तिथे होतं. मघाच्या कोंबडीच्या उजवीकडे, भिंतीला टेकवलेलं, स्क्रीनच्या चौकटीबाहेर.

“असं आहे होय,” ती स्वतःशीच म्हणाली.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. इतका वेळ ते बाजेवरून सगळं बघत होते.

त्यांना कसं सांगावं याचा तिने क्षणभर विचार केला. मग ती त्यांना घरात घेऊन गेली आणि आतल्या भिंतीला पाठ लावून दोघं दाराकडे तोंड करून उभे राहिले. दारातून अंगणाचा उभा, उजळ तुकडा दिसत होता.

“बाबा, इथून अंगण केवढं दिसतं?”

“दाराएवढं.”

“पण अंगण तेवढंच आहे का?”

“नाही. दोन्ही अंगांना आहे की.”

“कॅमेरा सगळं अंगण बघतो. पण हा फोन उंच आणि अरुंद आहे, म्हणून तो आपल्याला मधलंच दाखवतो, दोन्ही बाजूंचं कापतो. मी हिशेब करताना दाराची कड म्हणजेच अंगणाची कड असं धरलं. म्हणजे तुम्ही दाराच्या कडेला बोट लावलं, की ॲप जायचं थेट अंगणाच्या कडेला. माझ्या फोनचं चित्र आणि स्क्रीन एकाच मापाची आहेत, त्यात काही कापलंच जात नाही, म्हणून मला ही चूक कधी दिसली नाही.”

बाबा दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ती बरोबरच सांगत होती. तुम्ही तिला दुसऱ्याच वस्तूपुढे उभं करत होता.”

“हो,” दिपाली म्हणाली. “चूक माझी होती.”

तिने अंगणात बसून हिशेब नव्याने लिहिला. आधी तिने लांबीला वेगळा आणि रुंदीला वेगळा भागाकार केला होता. आता दोन्हीकडे एकच माप लावलं, दोन्ही बाजूंना किती चित्र कापलं जातं ते मोजलं आणि बोटाच्या जागेत तेवढी भर घातली. मोजून सहा ओळी बदलल्या. नऊ दगड परत आडवे मांडले. तीन, चार, पाच, सहा, सात. सगळे आपापल्या जागी आले. फोन आडवा धरून पाहिला, तरीही आले.

तिने फोन बाबांच्या हातात दिला.

त्यांनी धोतराला बोट पुसलं. मग कॅमेरा कोंबडीवर धरून अगदी हलकेच स्पर्श केला.

“कुकडी,” रमिलाबाई म्हणाल्या.

बाबा सुपाकडे वळले. मग बाजेकडे, विळ्याकडे, पाण्याच्या मडक्याकडे. मुद्दाम प्रत्येक वस्तू स्क्रीनच्या अगदी कडेला घेऊन त्यांनी बोट लावलं, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. एकही नाव चुकलं नाही. चुलीपाशी ते उकिडवे बसले आणि चुलीचं नाव त्यांनी चार वेळा ऐकलं. धर्मेंद्रने दिपालीकडे पाहिलं, तिने मान वळवली.

मग अंगणातल्या वस्तू संपल्या. बाबा फोन हातात धरून उभेच राहिले.

“एवढंच आहे?” त्यांनी विचारलं.

“बासष्ट शब्द आहेत, बाबा.”

“तसं नाही. ती तीन दिवस बोलत होती तुमच्याशी. एका एका गोष्टीवर किती बोलली. मध्ये हसली, कोंबड्यांवर ओरडली. ते कुठे आहे?”

दिपालीला हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. “ॲपसाठी फक्त नावं लागत होती. बाकीचं कापून टाकलं.”

“टाकलं म्हणजे कुठे?”

शब्द कापून झाल्यावर तिने मूळ फाइली पुसल्या होत्या. लॅपटॉपमध्ये जागा राहिली नव्हती, आणि त्यात मुख्यतः असंबद्ध बोलणंच आहे असं तिला वाटलं होतं. पावरी तिला येत नव्हती.

“पुसलं, बाबा,” ती म्हणाली. “पण मी शोधते. कुठे राहिलं असेल तर आणून देते.”

बाबांनी पुन्हा मान हलवली. रागाने नाही. तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

नंदुरबारला येऊन तिने तीन दिवस शोधाशोध केली. लॅपटॉपमध्ये काहीच नव्हतं. संस्थेच्या संगणकावर फक्त तेच बासष्ट तुकडे. पुसलेलं परत आणून देणाऱ्या एका दुकानदाराने दोन दिवस लॅपटॉप ठेवून घेतला आणि नाही म्हणून परत केला. होळीच्या दिवशी रनाळ्याला घरी गेली तरी तिचं लक्ष लागेना. आई म्हणाली, “काय व्हयनं तुले? जेवन बी धड नही करस.” दिपाली म्हणाली, “एक वस्तू हारपनी.” कोणती वस्तू ते सांगणं अवघड होतं.

सापडलं ते रेकॉर्डरच्या पिशवीत. कार्तिकात रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दुपारी जुनं मेमरी कार्ड भरलं म्हणून तिने नवं घातलं होतं आणि जुनं पिशवीच्या आतल्या खिशात टाकलं होतं. पहिल्या दुपारचं तिने लॅपटॉपमध्ये घेऊन कार्डवरून पुसलं होतं, पण त्या दुसऱ्या दुपारची एक्केचाळीस मिनिटं त्यावर तशीच होती.

तिने कानाला हेडफोन लावून ती सगळी ऐकली. पहिल्याच मिनिटात तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. ‘आजी, फक्त नाव सांगा. एकच शब्द.’ रमिलाबाई जात्याविषयी काहीतरी सांगायला लागल्या होत्या, सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला होता, आणि मध्येच तिचा आवाज: ‘आजी, एकच शब्द. परत एकदा म्हणा.’ रमिलाबाई थांबल्या, एकच शब्द म्हणाल्या. पुढच्या वस्तूला पुन्हा तेच. त्यांनी सुरुवात करावी आणि हिने थांबवावं. एक्केचाळीस मिनिटांत दिपालीने त्यांना सतरा वेळा थांबवलं होतं. तिने मोजायचं ठरवलं नव्हतं, पण सहाव्यानंतर ती मोजत गेली.

तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तिने ते दोनदा ऐकलं. त्या अंगणात पुन्हा जाऊन बसावं, आणि या वेळी काहीच न विचारता बसावं, असं तिला फार वाटलं.

कार्ड धर्मेंद्रबरोबर पाठवता आलं असतं. ती स्वतः गेली.

बाबांनी तिला लांबूनच ओळखलं. अंगणात तीन-चार पोरं फोन घेऊन फिरत होती आणि रमिलाबाई त्यांना एकेक नाव सांगत होत्या, बरोबर. कुणी हसत नव्हतं. बाबांनी पोरांना घरी पाठवलं.

“सापडलं थोडं,” दिपाली म्हणाली. “एकाच दुपारचं आहे.”

तिने छोटा स्पीकर बाजेवर ठेवला आणि चालू केला. बाबा जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून.

जात्याचं बोलणं आलं तसे ते पुढे सरकले. दिपालीचा आवाज मध्ये आला तेव्हा तिने मान खाली घातली.

“काय सांगत होत्या, बाबा?”

“जातं तिच्या बापाच्या घरचं. लग्नानंतर तिने डोक्यावरून आणलं. अख्खा डोंगर चढून. मी म्हटलं, मला दे. दिलं नाही. म्हणाली, तू पाडशील.” ते हसले. “तेच सांगत होती. तुम्ही थांबवलं.”

“हो.”

“तुम्हाला काय माहीत,” ते म्हणाले, आणि त्यात टोचणी नव्हती.

पुढे कोंबड्यांवर ओरडणं आलं. भांड्यांचा आवाज आला. बाबा कधी हसत होते, कधी ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर बोलत होते. दिपालीने परत काही विचारलं नाही.

शेवटाकडे एका जागी रमिलाबाईंनी मोठ्याने हाक मारली आणि काहीतरी विचारलं. मग दोन-तीन सेकंद शांतता, लांबून फक्त काहीतरी पुटपुटल्यासारखं. आणि मग रमिलाबाई हसल्या. साधं हसणं नव्हतं ते. श्वास लागेपर्यंत, थांबून पुन्हा, डोळ्यांत पाणी येईल असं त्या हसत होत्या.

बाबा ताठ झाले. “परत लावा.”

तिने मागे नेऊन परत लावलं. हाक, प्रश्न, शांतता, हसणं.

“मला हाक मारतेय,” ते म्हणाले. “मी तिकडे कुंपणापाशी होतो. विचारतेय, सगळी नावं सांगून झाली की ही बाई मला शाळेत घालणार का? मी काहीतरी म्हणालो. त्यावर हसली.” त्यांनी स्पीकर उचलून कानाशी धरला. “माझं का ऐकू येत नाही?”

“माइक आजींच्या पदराला लावला होता. लांबचं त्यात नीट येत नाही.”

“परत लावा.”

पाचव्या वेळी तिने स्पीकरवर रेकॉर्डिंग कसं मागे न्यायचं ते त्यांना शिकवलं. ते लगेच शिकले. डोळे मिटून ते ती शांतता ऐकत होते, पुन्हा पुन्हा, जणू नीट ऐकलं तर शब्द सापडेल.

“चाळीस-बेचाळीस वर्षांत तिला इतकं हसवलेलं आठवत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही होतात ना तिथे. तुम्ही ऐकलं असेल. काय म्हणालो मी?”

दिपाली होती तिथे. त्या वेळी ती कानाला हेडफोन लावून, हातातल्या यादीवर पुढच्या शब्दापुढे खूण करत होती.

“नाही ऐकलं, बाबा.”

मोलगीहून शेवटची जीप गाठायची होती. ती उठली. बाबाही तिला वाटेपर्यंत सोडायला उठले, पण कुंपणापाशी आल्यावर थांबले. कार्तिकातल्या त्या दुपारी ते जिथे उभे होते तीच ती जागा असावी. त्यांनी घराकडे तोंड केलं आणि अंगणाकडे बघत पावरीत काहीतरी म्हणून पाहिलं. नाही, हे नव्हतं, अशी मान हलवली. मग दुसरं काहीतरी म्हणून पाहिलं.

दिपाली थोडं अंतर गेली आणि तिने वळून पाहिलं. ते अजून तिथेच उभे होते आणि घराच्या दिशेने, जरा मोठ्या आवाजात, तिसरं काहीतरी म्हणत होते.